जंगलात नाव घेऊ नये

आमच्या मन्सोई बेटाच्या जंगलात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. हाक मारायचीच तर 'ऊऽऽप' असा कुकारा घालायचा. पलीकडे माणूस असेल तर तोही कुकारा घालतो. नाव घेऊन बोलावणारं जे काही आत असतं ते आपलं नसतं, त्याला ओ द्यायची नाही. आमच्याकडे पोर चालायला लागलं की आधी हे शिकवतात आणि मग पोहायला.

हे मी जहाजावरून येणाऱ्या पाहुण्यांनाही धक्क्यावरच सांगते. म्हणजे मी रेन्द्राला सांगते आणि रेन्द्रा त्यांना त्यांच्या भाषेत सांगतो. हा रेन्द्रा जहाजाचा माणूस. मूळचा जावाचा, दाढी कोरलेली, गळ्यात दुर्बीण. पाहुण्यांना बेटाबेटांवर उतरवून पक्षी-प्राणी दाखवणं हे त्याचं काम, आणि आमच्या बेटावरची वाट दाखवणं हे माझं. पोरगा चांगला आहे, पण मी घसा कोरडा होईपर्यंत बोलावं आणि त्याने दोन वाक्यांत आटपावं, हे नेहमीचंच. त्या दिवशीही तसंच झालं.

"काय सांगितलंस रे त्यांना?" मी विचारलं.

"जंगलात आरडाओरडा करू नका, पक्षी उडून जातात."

"आणि कुकाऱ्याचं?"

"ताई, भुताखेतांचं काढलं तर ही माणसं रबरी होडीतून खाली उतरायची नाहीत. गप्प राहा म्हटलं की झालं ना काम?"

"भुताखेतांचं कोण बोललं? मी शिस्तीचं बोलतेय."

"तेच ते, ताई," म्हणून हसला मेला.

मीही म्हटलं, जाऊ दे. पाहुणे गप्प राहिले तर मला हवंच आहे. एकदा एक बाई वर चढताना रस्ताभर नवऱ्याच्या तक्रारी सांगत होती, तेव्हापासून मला बडबड्या माणसांचा धसकाच बसलाय.

त्या दिवशीच्या पाहुण्यांत विगो नावाचा एक म्हातारा होता. डेन्मार्कचा, उंच, काटकुळा, जन्मभर शाळेत मास्तरकी केलेला. माझं नाव विचारून घेतलं आणि छातीवर हात ठेवून नीट म्हणाला, "ओर्पा." बाकीचे मला 'गाईड' म्हणतात, म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याची बायको बिर्ते गुडघ्यांमुळे वर येणार नव्हती. तिला मी माझ्या आईपाशी धक्क्यावर बसवलं. आई तिथे पाहुण्यांना शहाळी फोडून द्यायला बसते. दोघींची भाषा वेगळी, पण आम्ही निघायच्या आत आईने तिला सुपारी चघळायला दिलीसुद्धा. ती बाई लाल ओठांनी नवऱ्याला निरोप द्यायला लागली तेव्हा नवऱ्याने पोट धरधरून हसून घेतलं.

उजाडायच्या सुमाराला आम्ही वरच्या झाडापाशी पोचलो. तांबडे स्वर्गपक्षी आले, नाचले, पाहुण्यांनी श्वास रोखून पाहिलं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय, पण नर उलटा लटकून शेपटीच्या दोन तारा हलवायला लागला की मीही अजून आ वासून बघते. नाच संपला तसा विगो माझ्याजवळ आला आणि हातांनी जमीन झाडायची नक्कल करायला लागला. मग मान वाकडी करून एक उडी. मला लगेच कळलं. झाडूवाला! तो दुसरा स्वर्गपक्षी, लहानसा. निळं टक्कल असलेला, जंगलाची जमीन झाडून पुसून लख्ख करतो आणि मग तिथे नाचतो. म्हातारा त्याच्यासाठीच अर्धी दुनिया ओलांडून आला होता, असं रेन्द्रा म्हणाला.

"तो डोंगरामागे असतो," मी म्हटलं. "तिकडे वाट नाही, सगळी चुनखडी. आज नाही."

रेन्द्राने सांगितलं. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. तरी मास्तरच तो, मान हलवून 'बरं' म्हणाला आणि रांगेत उभा राहिला.

उतरताना मी पुढे होते. शेवटी रेन्द्रा चालणार असं ठरलेलं असतं. आता रेन्द्रा शेवटी होता की एका बाईला हातात कॅमेरा कसा धरायचा ते शिकवत मधे होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक. खाली येऊन पाहुणे शहाळी प्यायला लागले. रेन्द्राने डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड बघून मला कळलं.

"कोण?"

"विगो."

"तू मागे होतास ना रे?"

"होतो. म्हणजे... तसा होतो."

'तसा होतो' म्हणे! मी त्याला तिथेच चार शब्द सुनावले असते, पण बिर्ते उठून आमच्याकडे येत होती. तिला बातमी सांगितली तेव्हा ती रडली नाही. तिने पिशवीतून एक लहान डबी काढली आणि रेन्द्राशी भराभर बोलायला लागली.

रेन्द्रा माझ्याकडे वळला. "शुगर आहे त्याला. पहाटे इंजेक्शन घेतलंय. खाली येऊन खाणार होता, पोटात काही नाही. साखर उतरली की आधी घाम येतो, मग बोलणं अडखळतं, मग बेशुद्ध. बेशुद्ध झाला आणि कुणी जवळ नसलं तर..."

"खिशात काही खायला?"

"दोन बिस्किटं असतील म्हणते. नसतीलही."

गावात निरोप गेला तसे लोक आले. सगळ्यांत पुढे लेविनुसकाका. आमच्या चर्चमधले वडीलधारे आणि जंगलात कुठे काय आहे ते डोळे मिटून सांगणारे. त्यांच्यामागे माझा चुलतदीर देमियानुस, त्याचे भाऊ, आणखी काहीजण. जहाजाने भोंगा वाजवला. आमच्याकडे चुनखडीचे सुळके सगळीकडे उभे, त्यामुळे भोंगा चारी बाजूंनी ऐकू यायला लागला. असल्या आवाजाच्या दिशेने कुणी जायचं म्हटलं तर कुठल्या दिशेने जाणार? थोड्या वेळाने त्यांनीच तो बंद केला.

झाडी सुरू होते तिथे पोचल्याबरोबर रेन्द्राने हाताचा भोंगा केला आणि बोंब ठोकली, "विगोऽऽ!"

आमची माणसं जागच्या जागी थांबली. लेविनुसकाकांनी खांद्यावरचा कोयता काढून जमिनीला टेकवला.

"अजून एकदा नाव घेतलंस तर आम्ही घरी जाणार," ते म्हणाले.

"काका, माणूस मरेल तिकडे!"

"नाव घेतलंस तर मरेलच."

"ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना!" रेन्द्रा माझ्यावर आला.

मी काय सांगणार होते? मी त्यांच्यातलीच. "गप्प चल," मी म्हटलं. "यांच्याशिवाय तू आत एक पाऊल टाकू शकणार नाहीस. पाचोळ्याखाली कपारी आहेत, कुठे गुडघ्याएवढ्या तर कुठे माणूसभर. तुझ्या म्हाताऱ्याबरोबर तुलाही शोधावं लागेल."

रेन्द्राने दात आवळले आणि तो माझ्यामागून चालायला लागला.

आम्ही डोंगरामागे पसरलो. मला खात्री होती की म्हातारा झाडूवाल्याच्या मागे गेला असणार. उतारावर एक लख्ख झाडलेली जागा दिसली, तिच्याकाठी ओल्या मातीत बुटाचा मोठा ठसा. पुढे नुसता खडक, ठसे कुठले उमटणार? तिथून कुकारे सुरू झाले. डावीकडून देमियानुस, ऊऽऽप. वरून लेविनुसकाका, ऊऽऽप. मधे मी. कुकारा घालायचा, कान द्यायचा, चार पावलं टाकायची, पुन्हा कुकारा. उत्तर काही येईना. सूर्य डोक्यावरून कलला. गरम होत होतं, डास फोडून काढत होते, आणि वरून काकाकुव्यांचा थवा आमच्यावर खेकसत फिरत होता.

मग आवाज आला. लांबून, खडकांतून, बारीक.

"हॅलोऽऽ..."

आम्ही सगळे थांबलो. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी शपथेवर सांगते, सगळ्यांनी. लेविनुसकाका एक क्षण उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूला वळून चालायला लागले. मी देमियानुसकडे बघितलं तर तो पायाला लागलेल्या जळवा काढत होता.

"ऐकलंस?"

"काय?"

"आवाज."

"कुकारा होता का?"

"नाही."

"मग नाही ऐकला." त्याने जळू चिमटीत धरून फेकली. "वहिनी, तुझ्या घरात काय झालं ते तू विसरलीस का?"

मी काय विसरणार? माझा धाकटा भाऊ सेत. सुळक्यांच्या अलीकडे आमची केळी होती, तिथे तो काम करत होता. दुपारी आई झाडीच्या कडेला गेली आणि जेवायला चल म्हणून तिने त्याला नावाने हाक मारली. कडेलाच होती, आत नव्हती. सगळ्याच आया मारतात. पण त्यानंतर काही दिवसांनी सेतने बरोबरच्या माणसांना सांगितलं, आई बोलावतेय, आणि तो ओ देऊन आत गेला. आई तेव्हा घरी जेवणासाठी सागोच्या पिठाची पापेदा घोटत होती. सेत कड्याखाली सापडला. गावाने आईला तोंडावर कधी काही म्हटलं नाही, पण ते नाव जंगलाला कुणी शिकवलं हे सगळ्यांना माहीत होतं आणि आईला सगळ्यांत जास्त. त्यानंतर आई जंगलात गेली नाही. आणि त्यानंतर तिने माझंही नाव घेतलं नाही. घरातसुद्धा नाही, चर्चमध्येसुद्धा नाही. मी आता पोरांची आई आहे, केस पिकायला लागलेत, तरी तिच्यासाठी मी 'ए पोरी', 'अगं ए', आणि रागावली की 'कार्टे'.

म्हणून मीही त्या आवाजाकडे गेले नाही. मलाही भीती वाटली, दुसरं काय?

आवाज पुन्हा आला तेव्हा तो शब्द राहिला नव्हता. नुसताच कण्हल्यासारखा. रेन्द्राने माझा दंड धरला.

"ताई, तो आहे तो! तुम्ही सगळे उलटं का चाललाय?"

"माणूस असेल तर कुकारा देईल," मी म्हटलं. म्हणाले आणि माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. "अरे, पाहुण्यांना कुकारा कुठे माहीत आहे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही सांगितलं मी."

"मग आम्ही इतका वेळ काय करतोय?"

"त्याला पक्षी वाटत असेल ताई, तुमचा आवाज," रेन्द्रा म्हणाला. "पारव्यासारखाच येतो तो. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं."

पक्षी बघायला अर्धी दुनिया ओलांडून आलेल्या म्हाताऱ्याला आम्ही सगळं गाव मिळून पक्ष्याचा आवाज ऐकवत होतो. आणि आरडाओरडा करू नका म्हणून बजावलेलं, तेही आम्हीच! हसावं की रडावं मला कळेना.

मी धावत लेविनुसकाकांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग काय म्हणतेस?"

"शब्दांनी हाक मारली पाहिजे. माणसाची हाक आहे हे त्याला कळलं पाहिजे. आवाज सगळ्या खडकांवरून फिरून येतोय, तो बोलत राहिला तरच ठिकाण कळेल."

"म्हणजे त्याचं नाव घ्यायचं."

"हो."

"परक्या माणसाचं नाव जंगलाला सांगायचा तुला काय हक्क आहे गं? वाचला आणि रात्री जहाजातून उठून पाण्यात चालत गेला तर? त्याची बायको तुला विचारणार नाही, पण मी विचारीन."

काका खरं बोलत होते. दुसऱ्याचं नाव असं टाकून देता येत नाही. पण मग एक नाव असं होतं की जे कुणाला विचारावं लागणार नव्हतं, आणि म्हाताऱ्याला तेही माहीत होतं. सकाळीच छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

"माझं घेते," मी म्हटलं.

काका काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "ए पोरी!"

आई! हातात काठी, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, धापा टाकत उभी. सेत गेल्यापासून जिने झाडीची कड ओलांडली नव्हती ती बाई चुनखडीवरून चढून इथपर्यंत आली होती.

"तू इथे कशाला आलीस?" मी ओरडले.

"तू असलं काहीतरी करणार हे मला तिथे बसल्याबसल्या कळलं, म्हणून आले. चल खाली."

"आई, तो माणूस तिथे मरतोय."

"मरू दे... देवा, क्षमा कर मला. पण तू नाव द्यायचं नाहीस. एक पोर दिलंय मी याला. दुसरं नाही देणार."

"खाली त्याची बायको बसलीय."

"मला सांगतेस? माझ्याजवळच बसलीय! माझा हात सोडत नव्हती. बोटं सोडवून आलेय मी तिची." आईचा आवाज मधेच फाटला. "माझ्याकडे बघून काय काय बोलत होती. एक अक्षर कळलं नाही, आणि सगळं कळलं."

आई रडेल असं मला वाटलं, पण तिने नुसतं काठीने पाचोळ्याला डिवचलं. उजेड तांबूस व्हायला लागला होता. जहाजाला भरती उतरायच्या आत खाडीतून बाहेर पडावं लागतं, तेही डोक्यावर होतं, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला जहाजाचं काहीच वाटत नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याचा आवाज बंद पडलाय एवढंच कळत होतं. बराच वेळ काही आलं नव्हतं.

"आई, मी ओरडणार आहे," मी म्हटलं. "तुला मारायचं तर मार."

तिने मारलं नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. देमियानुस आणि त्याचे भाऊ चार पावलं मागे सरकले. लेविनुसकाकांनी टोपी काढली आणि तोंडातल्या तोंडात प्रार्थना सुरू केली.

मी हाताचा भोंगा केला. "ओर्पाऽऽ!"

स्वतःचंच नाव ओरडून बघा कधी. माझं तर अंग शहारलं. सुळक्यांनी ते उचललं आणि इकडून तिकडे फेकलं. मी पुन्हा ओरडले, "ओर्पा! ओर्पाऽऽ!" मग थांबले. काकाकुवेसुद्धा गप्प झाले होते. खाली कुठेतरी पाणी टपटपत होतं.

आणि मग आलं. जंगलाच्या आतून. बारीक, घोगरं, ओढून ओढून.

"ओर्... पा..."

तो विगो होता. मला माहीत होतं की तो विगो आहे, रेन्द्रालाही माहीत होतं, रेन्द्रा तर नाचायलाच लागला होता. "ताई, उत्तर द्या! बोलत राहा! थांबू नका!" पण माझं तोंड उघडेना. लहानपणापासून जे हाडात बसलेलं असतं ते असं एका दुपारीत निघत नाही. जंगल माझं नाव घेत होतं. सेतलाही असंच वाटलं असेल ना, की कोण बोलावतंय ते आपल्याला माहीत आहे? त्यालाही खात्रीच होती. मी रेन्द्राकडे बघून नुसती मान हलवत राहिले.

"ओर्पा..." पुन्हा. आता आणखी बारीक, शेवटचं अक्षर अर्धवट.

"ताई! तो झोपेल आता! परत उठणार नाही!"

मी तोंड उघडलं, हवा बाहेर आली, आवाज नाही. तेवढ्यात माझ्या मनगटाला कुणीतरी घट्ट धरलं आणि मला मागे खेचलं. आई. तिने मला पाठीमागे घातलं, स्वतः पुढे झाली, काठी रोवली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली,

"ओऽऽ! मी ओर्पा! मी आहे ओर्पा! इकडे आहे मी!"

माझ्या आईच्या तोंडून माझं नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते, आणि ती ते स्वतःचं म्हणून सांगत होती.

"ओर्पा!" तिकडून आलं.

"ओऽऽ! आले! बोल, बोलत राहा मेल्या! ओर्पा येतेय!"

मग ती चालायलाच लागली. काठीने पाचोळा टोचत, कपारी चुकवत, आणि दर चार पावलांवर ओरडत. तिकडून आवाज येत राहिला. कधी नाव, कधी नुसता हुंकार. मी तिच्यामागे, रेन्द्रा माझ्यामागे. देमियानुसही थोड्या वेळाने मागे दिसला, आणि त्याच्यामागे लेविनुसकाका, टोपी अजून हातातच. ओरडत होती ती एकटी आई.

म्हातारा एका कपारीत कंबरेपर्यंत उतरलेला होता, एक पाय खडकात अडकून सुजलेला. सगळं अंग घामाने निथळत होतं आणि डोळे कुठेतरी भलतीकडे. आई त्याच्याशेजारी बसली, कनवटीचा ताडगुळाचा खडा काढला, दाताने फोडला आणि त्याच्या गालात कोंबला. "चघळ," म्हणाली. त्याने थुंकून टाकायचा प्रयत्न केला तेव्हा त्याचा जबडा धरून ठेवला. मग दुसरा खडा. रेन्द्रा बाटली घेऊन बसला आणि घोट घोट पाणी पाजत राहिला.

हळूहळू म्हाताऱ्याची नजर जागेवर आली. तो काहीतरी बोलला आणि हसला. रेन्द्रालाही हसू आलं, हसता हसता त्याने डोळे पुसले.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, दुपारभर एक पारवा ओरडत होता. चारी बाजूंनी. पुस्तकात नाही असा. म्हणतोय, नवीनच असणार."

म्हाताऱ्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. कुणी हाक मारली होती ते त्याला नीट समजत नव्हतं. त्याने आईचा हात धरला आणि विचारलं, "ओर्पा?"

मी पुढे झाले. पण आईने माझ्याकडे असं डोळे वटारून बघितलं की मी होते तिथेच थांबले.

"हो," ती त्याला म्हणाली. "मीच."

लेविनुसकाका काठावर येऊन उभे राहिले. त्यांनी कपारीत बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि शेवटी आईला विचारलं, "बाई, ओ कुणी दिली?"

"मी दिली," आई म्हणाली. "आणि नाव सांगितलं ते माझं. सगळ्यांनी ऐकलंत ना? कुणी विचारायला आलं तर माझ्याकडे पाठवा."

काकांनी टोपी डोक्यावर घातली आणि देमियानुसला वेली तोडायला सांगितलं, डोली बांधायला.

मला रडू आवरत नव्हतं. मी आईच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर तिने तो झटकला. गुळाचा तिसरा खडा तिला कनवटीतून निघत नव्हता, तो मी काढून तिच्या हातात दिला.

"रडतेस काय नुसती?" ती म्हणाली. "दगड सरकव तो. पाय मोकळा कर त्याचा."